आधी सांगा, गळतंय केव्हा?

यावेळी बरीच पत्रं एकाच विषयावर आली, बाथरूममधली गळती, आणि तीही कायमची नाही तर अधूनमधून होणारी. प्लंबर आला की कोरडं आणि तो गेला की परत टपटप. मला विचाराल तर सगळ्यात जास्त पैसे याच गळतीपायी वाया जातात, कारण कुठून गळतंय ते शोधायला सगळे हातोडा घेऊन धावतात आणि केव्हा गळतंय हे कुणी विचारतच नाही. म्हणून या महिन्यात सगळी जागा याच पत्रांना.

प्रश्न : आमचा डोंबिवलीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, बिल्डिंग १८ वर्षं जुनी. आमच्या खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छतातून पाणी ठिबकतं, पण रोज नाही, दोन-तीन दिवस ठिबकतं मग आठवडाभर एकदम कोरडं. दोन प्लंबर येऊन गेले. पहिल्याने प्रेशर टेस्टिंग केलं आणि पाइप ठीक आहे म्हणाला, दुसरा म्हणतो पूर्ण बाथरूम फोडून वॉटरप्रूफिंग करा, खर्च दीड लाख. काकू आता जिन्यात भेटल्या तरी बोलत नाहीत. दादा, खरंच फोडावं लागेल का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : ताई, अजून पंधरा दिवस तरी कुणाला हातोडा लावू देऊ नका. तुमच्याच पत्रात अर्धं उत्तर आहे, मध्ये आठवडाभर कोरडं राहतं हे तुम्ही लिहिलंय ना, तेच महत्त्वाचं.

असं बघा, गच्चीवरच्या टाकीतून नळापर्यंत येणारी जी लाइन असते तिच्यात पाणी चोवीस तास दाबाखाली उभं असतं. ती कुठे फुटली तर ती सुट्टी घेत नाही, तुम्ही गावाला गेलात तरी गळणार. सांडपाण्याची लाइन तशी नाही, तिच्यात पाणी सोडलं तरच वाहतं, त्यामुळे ती वापरानंतरच गळते. तिसरी जागा म्हणजे टाइल्सचे सांधे आणि नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून जातं त्या जाळीच्या भोकाच्या, भोवतीची कड, तिथून जमिनीवर पाणी पडलं तरच आत झिरपतं. आणि चौथी जागा बहुतेक जण विसरतात, ती म्हणजे शॉवरचा कॉक आणि वरचा शॉवर यांच्यामधला भिंतीतला उभा पाइप. कॉक बंद असताना त्या पाइपात दाबच नसतो! तुमच्या पहिल्या प्लंबरने टेस्टिंग केलं तेव्हा सगळे कॉक बंद ठेवूनच केलं असणार, म्हणजे लाइन ठीक आहे हे तो खरंच बोलला पण तो उभा तुकडा त्या टेस्टमध्ये आलाच नाही.

माझ्या हातून हीच चूक झालीय म्हणून जीव तोडून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी ठाण्यात एका घरी मी अख्खं बाथरूम फोडायला लावलं, कोबा नवा, वॉटरप्रूफिंग नवं, टाइल्स नव्या, आणि तीन आठवड्यांत खाली परत पाणी. शेवटी सापडलं काय तर शॉवरच्या दांडीमागचा एल्बो, म्हणजे पाइप जिथे वळतो तो जोड, जास्त आवळल्यामुळे त्याला केसासारखी चीर गेली होती, नव्या टाइल्स लावताना तो तसाच आत राहिला होता. त्या घरात एरवी सगळे बादलीने अंघोळ करायचे, शॉवर फक्त होस्टेलवरून मुलगा आला की वापरायचा. हे मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर दोन टाइल्समध्ये काम झालं असतं. त्या कुटुंबाचे पैसे गेले आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तर आधी डायरी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज लिहायचं, कुणी शॉवर घेतला, कुणी बादलीने अंघोळ केली, मशीन लावलं का, फरशी घासून धुतली का, गीझर चालू होता का. आणि काकूंना जाऊन प्रेमाने सांगा की तुम्ही पण लिहा, किती वाजता ठिबकायला लागलं आणि केव्हा थांबलं. पंधरा दिवसांनी दोन्ही कॅलेंडर शेजारी ठेवून बघा. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, बिल्डिंगमधलं बाथरूम खोलगट स्लॅबवर असतं, आत विटांचे तुकडे आणि कोबा भरलेला असतो आणि तो स्पंजसारखं पाणी धरून ठेवतो. त्यामुळे आज मुरलेलं पाणी खाली उद्या किंवा परवा दिसू शकतं, तारखा जुळवताना एक-दोन दिवस मागे बघायचं.

मग टेस्ट. क्रम चुकवू नका, क्रमालाच किंमत आहे.

पहिली शॉवरची. शॉवर काढून दांडीच्या तोंडाला अर्ध्या इंचाचा प्लग लावायचा आणि शॉवरचा कॉक उघडून तासभर तसाच ठेवायचा. फरशीवर एक थेंबही पडत नाही पण तो उभा पाइप पूर्ण दाबाखाली येतो. त्या तासात किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत काकूंकडे ठिबकलं तर चोर सापडला. काही नाही झालं तर दोन दिवस थांबा आणि सांडपाण्याची टेस्ट करा, म्हणजे नळाला रबरी पाइप लावून त्याचं टोक थेट नहाणी ट्रॅपमध्ये घालायचं आणि फरशी ओली न करता चार-पाच बादल्या पाणी सोडायचं. त्यानंतर खाली आलं तर ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा पाइप. तेही कोरडं गेलं तर परत दोन दिवस थांबून शॉवरचं पाणी फक्त भिंतीच्या टाइल्सवर मारा, विशेषतः नळांच्या मागे ज्या चकचकीत वाट्या असतात तिथे, त्या वाटीमागे टाइलला मोठं भोक असतं आणि ते बुजवायचा कंटाळा केला जातो, पाणी पाइपाच्या कडेने सरळ भिंतीत उतरतं.

सगळ्यात शेवटी पाणी साठवायची टेस्ट. ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत कपडा गुंडाळून घट्ट बोळा बसवायचा, उंबऱ्याच्या बराच खाली राहील असं इंचभर पाणी भरायचं, भिंतीवर पेन्सिलने खूण करायची आणि २४ तास ठेवायचं. ही शेवटीच का, तर एकदा कोबा भिजला की तो पुढे कितीतरी दिवस ठिबकत राहतो आणि मग बाकी कुठल्याच टेस्टचा अर्थ लागत नाही. मी पाहिलंय बरेच जण नेमकी हीच टेस्ट आधी करतात आणि मग सगळा गोंधळ.

शॉवरचा पाइप निघाला तर आधी दांडी बाहेर काढा, आटे साफ करून नवीन टेफलॉन टेपचे दहा-बारा वेढे द्या, आट्यांच्याच दिशेने, हाताने बसवून मग पान्याने थोडंसंच, जोर लावायचा नाही. तरीही गळत असेल तर एल्बो, त्याला एक-दोन टाइल्स फोडाव्या लागतील. सांधे निघाले तर जुना पांढरा सिमेंट खरवडून काढा आणि एपॉक्सी ग्राउट, म्हणजे सांध्यात भरायचा पक्का लेप, भरून घ्या, पांढरा सिमेंट स्वस्त आहे पण तो सुटतो आणि त्याला चिरा जातात. ट्रॅपची कड असेल तर तेवढा भाग उकरून दुरुस्त होतो. खालचं वॉटरप्रूफिंगच गेलंय असं पाणी साठवल्यावर सिद्ध झालं तर मात्र फोडायला कचरू नका, पण तेव्हा तुम्ही का फोडताय ते तुम्हाला माहीत असेल.

आणि खर्च कुणाचा असंही बरेच जण विचारतात. सोसायटीच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी, सामाईक पाइप आणि सामाईक ड्रेनेज लाइन हे सोसायटीचं काम, तुमच्या फ्लॅटच्या आतल्या नळा-संडासाची गळती तुमची. काकूंच्या छताचा रंगही मग तुम्हीच करून द्या ताई, त्याने जिन्यातलं बोलणं लवकर सुरू होईल.

प्रश्न : आमच्या घरी रात्री दोन-अडीचला फ्लश टँकमध्ये आपोआप पाणी भरल्याचा आवाज येतो. कुणी गेलेलं नसतं. सासूबाई घाबरतात. फरशी कोरडी असते, म्हणजे गळती तर नाही ना? बोअरचं पाणी आहे.
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : गळतीच आहे, फक्त ती भांड्यात होतेय म्हणून फरशीवर दिसत नाही. टँकच्या तळाशी जो फ्लश व्हॉल्व असतो त्याचं रबरी वायसर नीट बसत नाही, पाणी भांड्यात झिरपत राहतं, पातळी ठराविक खाली आली की फ्लोट पडतो आणि टँक परत भरायला लागतो. दिवसाही होतच असतं पण रात्री घर शांत असतं म्हणून ऐकू येतं. सासूबाईंना दाखवायला एक सोपी टेस्ट आहे, टँकमध्ये कपड्याच्या निळीचे आठ-दहा थेंब टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका, भांड्यात निळं पाणी उतरलं की त्यांचीही खात्री पटेल.

तुमच्याकडे बोअरचं जड पाणी, म्हणजे वायसरवर आणि त्याच्या बैठकीवर क्षार बसलेले असणार, म्हणूनच कधी नीट बसतं कधी बसत नाही. टँकला पाणी देणारा अँगल कॉक बंद करा, टँक रिकामा करा, बऱ्याच टँकमध्ये व्हॉल्व हाताने थोडा फिरवून वर निघतो. वायसर काढून व्हिनेगर किंवा लिंबूसत घातलेल्या कोमट पाण्यात तासभर ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, बैठकही पुसून घ्या. वायसर कडक झालं असेल किंवा त्याला कायमची घळ पडली असेल तर नवीन घ्या, जुनं सोबत घेऊन हार्डवेअरच्या दुकानात जा कारण मापं कंपनीगणिक वेगळी. टँकमध्ये ॲसिड ओतू नका आणि ते जे निळे खडे टाकतात ते पण रबराला चांगले नाहीत.

वायसर ठीक करूनही भांड्यात पाणी उतरत राहिलं तर मग उलटा प्रकार, भरणारा व्हॉल्व पूर्ण बंद होत नाही आणि जास्तीचं पाणी मधल्या ओव्हरफ्लोच्या नळीतून भांड्यात जातं. ते झाकण उघडून डोळ्यांनीच दिसतं, फ्लोट थोडा खाली सेट करायचा. आणि हे मनावर घ्याच, मराठवाड्यात पाण्याचं मोल मी सांगायला नको, पण तासाला पाव लिटर जरी झिरपलं तरी दिवसाला ६ लिटर आणि महिन्याला १८० लिटर होतात.

प्रश्न : थंडी सुरू झाली की बाथरूमबाहेरच्या भिंतीला ओल येते, पोपडे निघतात, उन्हाळ्यात आपोआप वाळतं. प्लंबर म्हणाला पावसाची ओल आहे. पण पाऊस तर संपलेला असतो!
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तुमची शंका बरोबर आहे. पावसाची ओल पावसात वाढते, थंडीत नाही. थंडीत घरात काय बदलतं? गीझर. मला दाट शंका गरम पाण्याच्या लाइनची आहे.

घरातली लाइन सीपीव्हीसीची, म्हणजे गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकची असेल तर तो पाइप गरम झाला की लांबीला वाढतो, ३ मीटरचा तुकडा २५ अंशांवरून ६० अंशांवर गेला तर साधारण ६ ते ७ मिलिमीटर. रोज सकाळी वाढणार, दुपारी आखडणार, आणि हा सगळा ताण येतो तो प्लास्टिक आणि पितळ जिथे जोडलेलं असतं त्या सांध्यावर, म्हणजे मिक्सरच्या आणि गीझरच्या मागे. तिथे एखादी बारीक फट असेल तर थंड पाण्यावर टेस्टिंग केलं की पास आणि गरम पाणी सोडलं की गळती. म्हणून प्लंबरला सांगा की टेस्ट गरम पाण्यानेच कर. तोपर्यंत तुम्ही घरी एवढं करा, आठ दिवस गीझरच्या पाण्याने अंघोळ बंद, गॅसवर तापवून घ्या, गीझरला पाणी देणारा कॉकही बंद ठेवा. भिंतीवर ओलीच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून तारीख टाका. ओल मागे सरकली तर तुम्हाला पुरावा मिळाला.

एक भीती अजून आहे, काही ठिकाणी पैसे वाचवायला गरम पाण्यालाही साधा यूपीव्हीसी पाइप टाकलेला सापडतो. तो गरम पाण्यासाठी नसतोच, मऊ पडतो आणि सांधे सुटतात. तसं निघालं तर ठिगळं लावू नका, तेवढी लाइन सीपीव्हीसीने बदलून घ्या आणि नवीन सांध्यांचं सोल्व्हंट पूर्ण सुकू द्या, घाई करून त्याच संध्याकाळी गरम पाणी सोडू नका.

प्रश्न : गीझर चालू केला की त्याच्या खालच्या छोट्या व्हॉल्वमधून थेंब पडतात, बंद केला की थांबतात. शेजारी म्हणाले एमसील लावून टाका.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : एमसील अजिबात लावू नका, लावलं असेल तर गीझरचं बटण आत्ता बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा. तो सेफ्टी व्हॉल्व आहे. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटरच्या गीझरमध्ये २५ अंशांचं पाणी ६० अंशांपर्यंत नेलं तर साधारण २०० मिलिलिटर जास्तीचं पाणी तयार होतं आणि येणाऱ्या लाइनवर परत न सोडणारा व्हॉल्व असला तर त्याला जायला जागा नसते, ते या तोंडातून बाहेर पडतं. ते तोंड बुजवलं तर दाब टाकीतच राहणार, गीझर फुटू शकतो. तापताना थोडे थेंब ही गळती नाहीच, व्हॉल्वला बारीक नळी लावून ती खाली ट्रॅपपर्यंत सोडा म्हणजे झालं. गीझर बंद असताना रात्रंदिवस टपकत असेल तर मात्र व्हॉल्वमध्ये क्षार अडकलेत किंवा लाइनचा दाबच जास्त आहे, व्हॉल्व बदलून बघा.

प्रश्न : आम्ही अकरा मजली बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर राहतो. सकाळी उठलं की संडासातल्या जेट स्प्रेखाली पाण्याचं थारोळं असतं, दिवसभर काही नाही. दोन वेळा स्प्रे बदलला.
— एक वाचक, कल्याण

उत्तर : दिवसा सगळी बिल्डिंग पाणी वापरत असते म्हणून लाइनमधला दाब पडलेला असतो, रात्री सगळे झोपले की पूर्ण उंचीचा दाब तुमच्या नळांवर येऊन बसतो. १० मीटर उंचीला साधारण १ किलोचा दाब धरा, मजला ३ मीटरचा धरला तर तुमच्या डोक्यावर ३० मीटर आणि वर टाकीची उंची, म्हणजे ३ किलोच्या पुढेच. वरच्या मजल्यावरच्या लोकांना शॉवर नीट येत नाही आणि तुमच्या पाइपांना उसंत नाही, एकाच टाकीची ही दोन टोकं.

कुठून येतंय ते बघायला रात्री झोपताना अँगल कॉक, पाइप आणि स्प्रे सगळं कोरड्या फडक्याने पुसा आणि वरून टाल्कम पावडर भुरभुरा, खाली वर्तमानपत्र पसरा. सकाळी पावडरमध्ये ओघळाची वाट दिसेल, तिचं वरचं टोक म्हणजे मूळ जागा. पाणी खाली जमतं म्हणून खालचा नट आवळत बसणारे खूप पाहिलेत मी, गळती वर असते.

स्प्रेचा अँगल कॉक वापर झाला की बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा, नुसतं स्प्रेचं बटण सोडलं तर त्या लवचिक पाइपात चोवीस तास दाब राहतो आणि तो दुपारी घरी कुणी नसताना फुटला तर हॉलपर्यंत पाणी येतं. आणि खालच्या मजल्यांवरचे सगळे मिळून सोसायटीकडे दाब कमी करणाऱ्या व्हॉल्वची मागणी करा, एकट्याने मागून कुणी लक्ष देत नाही.

प्रश्न : बेसिनखालच्या कपाटात कुबट वास येतो, कधीकधी तळ ओला असतो. नळ, पाइप सगळं कोरडं दिसतं.
— एक वाचक, पुणे

उत्तर : नळ उघडून खाली बघितलं असेल ना, तेवढ्या पाण्यात नाही दिसायचं. बेसिनला बूच लावून ओव्हरफ्लोच्या भोकापर्यंत पाणी भरा, थोडं त्या भोकातून जाऊ द्या, मग बूच एकदम काढा. बेसिनच्या तळाच्या भोकात बसवलेल्या वेस्ट कपलिंगच्या रबराजवळून गळेल नाहीतर त्याखालच्या बाटलीसारख्या बॉटल ट्रॅपच्या वाटीजवळून. दोन्ही हाताने उघडतात, वायसर बदला. ओव्हरफ्लोतून पाणी जातानाच गळलं तर कपलिंगच.

प्रश्न : आम्ही टोरांटोला असतो. जुलैत फ्लश टँकच्या बाहेरून पाणी ओघळतं आणि खालची लाकडी फरशी फुगलीय. हिवाळ्यात काहीच नाही. टँकला चीर असेल का?
— एक वाचक, टोरांटो

उत्तर : चीर असती तर हिवाळ्यातही गळलं असतं. दमट उन्हाळ्यात गार पाण्याने भरलेल्या टँकवर हवेतली वाफ जमते, थंड ताकाच्या तांब्याला घाम येतो तसंच. पण एकदा वर सांगितलेली निळीची टेस्ट कराच, तिकडे खाण्याचा रंग मिळेल, कारण व्हॉल्व झिरपत असेल तर टँकमध्ये सतत नवीन गार पाणी येत राहतं आणि घाम जास्त सुटतो. व्हॉल्व ठीक असेल तर टँकला आतून लावायचं फोमचं अस्तर मिळतं ते लावा, बाथरूमचा पंखा चालू ठेवा. फरशी आधी पूर्ण वाळवून घ्या, ओलीवर पॉलिश मारलं तर खालून कुजेल.